डाव्या हाताच्या ओळी

अक्का,

आपलं शेवटचं भांडण झालं तेव्हा तू गेलेली होतीस. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, "शेवटचं काय बोलल्या गं तुझ्या जाऊबाई?" मी सांगते, "काही नाही, सकाळी चहा घेतला आणि बागेत गेली." तेही खोटं नाही. पण त्यानंतर मी काय काय बोलले, ते कोण विचारणार? आणि मी तरी कोणत्या तोंडानं सांगणार?

दुपार चढली होती. छाटणीची शेवटची ओळ तुझ्याकडे होती. तू जेवायला आली नाहीस म्हणून मी डबा घेऊन निघाले. तू विहिरीच्या बाजूला, द्राक्षाच्या खोडाला टेकून बसली होतीस. साडीवर नवऱ्याचा, दादांचा, तो जुना चौकड्यांचा शर्ट, डाव्या हातात कात्री, डोक्यावरचा टॉवेल पार नाकापर्यंत ओढलेला. डुलकी लागली असेल असंही मला वाटलं नाही, कारण तुला दिवसा कधी झोप येत नसे. मी डबा ठेवला, समोरच्या खोडाला टेकले आणि माझं नेहमीचं गाणं सुरू केलं. बाग म्हातारी झालीय, ती काढून टाकू. कांदा करू, मका करू. माझ्या ओमचं नाव नाशिकच्या शाळेत घालू, आम्ही तिघं इंदिरानगरला माझ्या आईजवळ खोली घेऊन राहू, प्रकाश जाऊन-येऊन शेती बघेल.

तू गप्प. आता तुझं गप्प बसणं मला नवीन नव्हतं. तुला पटलं नाही की तू भांडायची नाहीस, ओरडायची नाहीस, नुसती तोंड मिटून कामाला लागायचीस. दोन-दोन दिवस तो अबोला चालायचा आणि तोच तुझा नकार असायचा. म्हणून मला वाटलं, बसलीय फुगून. मी आणखी चिडले. म्हटलं, "अक्का, तुला माणसांपेक्षा वेली जवळच्या आहेत. जरा माझ्याकडे बघ तरी!" आणि हात लांब करून मी तो टॉवेल वर केला.

तुझा डावा खांदा ओला होता. छाटल्यावर वेलीच्या टोकातून पाणी गळतं, हे मला इथं येऊन इतकी वर्षं झाली तरी कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती, पाखरू बोलत नव्हतं आणि अख्ख्या बागेत ते टप टप चाललेलं. थेंब तुझ्या शर्टावर पडत होते, मानेवर पडत होते, आणि तू ते पुसत नव्हतीस.

मी पोचायच्या बऱ्याच आधी सगळं आटोपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तेवढा सगळा वेळ मी कुणाशी भांडत होते, सांग बरं.

लग्न होऊन आले तेव्हा मी तुला अहो-जाहो करायचे. थोरली जाऊ, त्यात सासूबाई नाहीत, म्हणजे घरात तूच सासू. दुसऱ्या उन्हाळ्यात तू एकदा भाकरी थापता थापता म्हणालीस, "काय गं रेखा, मी काय मामलेदार हाय का? अहो अक्का, अहो अक्का! लय परकं वाटतं बघ." त्या दिवसापासून तू 'तू' झालीस. तुझं माहेर कळवणकडचं. फार चिडलीस की तुझ्या तोंडात माहेरची बोली यायची, "काय शे तुन्हं?" म्हणायचीस आणि मला हसू फुटायचं. मी हसले की तुझा राग आणखी वाढायचा. मला 'इंदिरानगरवाली' म्हणायचीस. पाहुण्यांपुढेसुद्धा. "आमची इंदिरानगरवाली उन्हात निघाली की ढगाला फोन करून बोलावती."

पण त्याच इंदिरानगरवालीला बाग तूच शिकवलीस. वेलीच्या काडीवर जिथून कोंब फुटायचा त्या जागेला डोळा म्हणतात, हे मला आधी हसण्यासारखं वाटलं होतं. तू माझं बोट धरून काडीवर फिरवलंस. "हा जागा हाय. हा झोपलाय. आन हा आंधळा, हा कधी उघडायचा नाय." मी विचारलं, ओळखायचं कसं? तू म्हणालीस, "तू बघते तसा तोही बघतो. ज्याला बघता येतं तो कळतो." वैशाखाच्या उन्हात पानाआड त्या डोळ्यांत घड बसतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि दिवाळीच्या सुमाराला तो अचानक समोर येतो. तू म्हणायचीस, या महिन्यात बागेत मोठ्यानं बोलू नये, वेल आतल्या आत काहीतरी ठरवत असते. मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. तू तोंडावर बोट ठेवायचीस.

आणि तुझा तो डावा हात. सासूबाईंनी म्हणे तुला डाव्या हातानं वाढू दिलं नाही, हळदी-कुंकू लावू दिलं नाही, पोळीसुद्धा उजव्या हातानं लाटायला लावली. घरात तू कायम थोडी अवघडलेली असायचीस, एखाद्या पाहुणीसारखी. बागेत मात्र कुणी बघायला नसायचं. तिथं तुझा डावा हात असा चालायचा की बघत राहावं. सगळे रस्त्याच्या बाजूनं ओळ धरतात, तू विहिरीच्या बाजूनं धरायचीस. सगळे मोडलेल्या कोवळ्या फुटी वाटेत टाकतात, तू त्यांची जुडी करून खोडाशी ठेवायचीस. आणि फूट उजव्या हातानं मोडली की बुडाशी एका अंगाची साल निघते, तू मोडलीस की दुसऱ्या अंगाची. ओळीतून नुसतं चालत गेलं तरी कळायचं, इथं अक्काचा हात फिरलाय.

हे मी इतकं सविस्तर लिहितेय त्याला कारण आहे.

तुझ्या तेराव्याला जेवणं झाल्यावर दादा ओसरीवर बसले आणि खाली बघत प्रकाशला म्हणाले, "बाग काढायची. मशीनवाल्याशी बोललोय. वैशाख संपला की येतो म्हणला." प्रकाश माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असेल, बायकोच्या मनासारखं झालं, आता हिचा चेहरा फुलेल. दोन वर्षं मी जे मागत होते ते न भांडता मिळत होतं आणि ते मला नको होतं. ती बाग दादांनी तुमच्या लग्नाच्या वर्षी लावलेली. माझं भांडण तुझ्याशी होतं, बागेशी नव्हतं. पण हे दादांना कसं सांगायचं? दादा माझ्याशी कधी समोरासमोर बोलतात का? मीठ हवं असलं तरी, "प्रकाश, तिला सांग." आणि त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "ती बाग माझ्यानं बघवत नाय."

सुतकाच्या दिवसांत बागेकडे कुणी फिरकलं नव्हतं. एरवी या दिवसांत आपण वेलींवर रोज पाणी मारतो, नाहीतर ऊन कोंब जाळतं आणि फूट कुठे येते, कुठे येत नाही. या वर्षी थेंब मारला नाही. आणि मी गेले तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखी फूट, एकही डोळा वाया गेलेला नाही. प्रकाश म्हणाला, "नशीब." मी मांडवाखाली उभी राहून वर बघितलं. इतके सगळे कोवळे डोळे एकदम उघडलेले, आणि सगळे खाली बघतायत. मी पदर डोक्यावर घेतला आणि पटकन बाहेर आले. सासऱ्यापुढे घेतात तसा घेतला, का ते माझं मला कळलं नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली, त्यात यंदा तुझी वेगळी. वर खरबूज ठेवलं, आमरस-सांजोरीचा नैवेद्य दाखवला. दुपारी घागर बघते तर निम्मी. मातीची घागर आहे, झिरपणारच, बाहेर तवा तापलाय, हे मला कळतं. मी शाळेत विज्ञान शिकलेली बाई आहे. पण घागरीखालची जमीन कोरडी होती. मी घागर पुन्हा काठोकाठ भरली आणि कुणाला काही बोलले नाही. तुला उन्हात किती तहान लागायची ते मला माहीत होतं.

मग विरळणीचे दिवस आले. वेलीच्या आडव्या फांद्यांवर फुटींची गर्दी झालेली, त्यातल्या नको त्या मोडून काढायच्या. बाग जाणारच होती तर विरळणी कशाला, असं प्रकाशचं म्हणणं. मी म्हटलं, उभी आहे तोवर नीट राहू दे. पेठकडच्या मजूर बायकांची टोळी शेजारच्या मळ्यात आलेली होती, त्यांतल्या चौघींना बोलावलं. त्या सकाळी बागेत गेल्या आणि डबे सोडायच्या आतच परत आल्या. त्यांची पुढारीण गंगूबाई मला म्हणाली, "बाई, त्या विहिरीकडच्या ओळी झाल्यात ना. मग आमाला कशाला बोलावलं?"

"कुणी केल्या?"

"ते आमाला काय माहीत? ताज्या हायेत. आता मोडल्यासारख्या." तिनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि आवाज उतरवला. "तिथं आमी नाय जायचो. दुसरं काम आसंल तर सांगा."

मी गेले. विहिरीच्या बाजूच्या ओळी खरंच झाल्या होत्या. मोडलेल्या फुटी वाळलेल्या नव्हत्या, चीक अजून ओला होता. त्यांच्या जुड्या खोडाशी टेकवून ठेवलेल्या. मी एक फूट उचलली आणि बुडाशी बघितलं. साल त्या दुसऱ्या अंगाला सोललेली होती.

त्या रात्री मी प्रकाशला विचारलं. तो म्हणाला, "दादानं केलं असेल. त्याला घरात करमत नाही." मलाही ते पटलं. खरं सांगू? पटवून घेतलं. दादा दुपारी कुठेतरी जातात हे मी बघितलं होतं. बिचारे तुझी आठवण काढत तुझ्यासारख्या जुड्या करत असतील, असं वाटून मला रडू आलं आणि जरा हायसंही वाटलं. रोज एखाद-दुसरी ओळ पुढे सरकायची. मी सकाळी जाऊन बघून यायचे. दुपारी मात्र मी घराबाहेर पडत नव्हते. ऊन असं की अंगणात पाय ठेवला तर भाजायचा, कुत्रीसुद्धा कांद्याच्या चाळीच्या सावलीत निपचित पडलेली. मी पंख्याखाली चटई टाकून पडायचे, आणि ओम आजीकडे गेल्यामुळे घर इतकं गप्प की मला माझाच श्वास ऐकू यायचा.

काल तिसऱ्या प्रहरी दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी गडबडून उठले. त्यांनी प्रकाशला हाक मारली नाही. माझ्याशीच बोलले.

"रेखा, मशीनवाल्याला नाय म्हणून सांगितलं. बाग ऱ्हाऊ दे."

ते चौकटीला हात लावून, माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "मी रोज दुपारी त्या लांबच्या बांधावर जाऊन बसतो. जवळ जायची हिंमत होत नाय. पहिल्या दिवशी तुला पाह्यलं आन काळीज थांबलं माझं. तिचाच शर्ट, तिचीच बसायची ढब, आन डावा हात. मग म्हणलं, आरं, रेखा हाय ही. तिनं तिचं काम धरलंय." त्यांचा आवाज चिरकला. "डाव्या हातानं करती, लय अवघड जात आसंल तुला. पर बरं वाटलं मला. तुझ्यासाठी बाग ठेवतो. तूच हायस ना ती?"

अक्का, तो चौकड्यांचा शर्ट आम्ही तुझ्याबरोबर दिला. तुला अंघोळ घालताना तो मीच उतरवला, मीच त्याचं गाठोडं बांधलं आणि ते चितेवर ठेवलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय.

दादा उत्तराची वाट बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी 'नाही' म्हटलं असतं तर तो माणूस तिथंच कोसळला असता. नाहीतर उठून त्या बांधावरून सरळ तुझ्याकडे चालत गेला असता. दोन्हींची मला सारखीच भीती वाटली.

मी म्हटलं, "हो दादा. मीच."

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि गेले. काल संध्याकाळी तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. प्रकाशमार्फत नाही. "रेखा, वाढ गं," म्हणाले. मी चुलीकडे तोंड करून रडून घेतलं.

मग मी विचार करायला लागले. दादा रोज बांधावर जाणार. उद्या त्यांना बागेत मी दिसले, आणि घरी येऊन बघतात तर मी पंख्याखाली झोपलेली, तर? एवढ्यानं सगळं संपेल. बाग तर जाईलच, पण दादाही राहायचे नाहीत, किंवा त्यांचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

म्हणून आज मी दादांचा एक जुना शर्ट त्यांच्या नकळत काढून घेतला. निळा आहे, चौकड्यांचा दुसरा मिळाला नाही. साडीवर चढवला, टॉवेल डोक्याला बांधला आणि भर दुपारी बागेत गेले. विहिरीच्या बाजूनं ओळ धरली. अक्का, डावा हात माझ्या अंगाचा आहे असं वाटतच नव्हतं. पहिल्याच वेलीला ठेवायची ती फूट मोडली आणि काढायची ती ठेवली. तू असतीस तर डोक्यात टपली मारली असतीस. दुसऱ्या वेलीला नख उलटं लागून रक्त आलं. जुडी बांधायला गेले तर ती सुटून पडली. पण मी उठले नाही. लांब बांधावर दादांचं पांढरं मुंडासं दिसत होतं.

आणि पलीकडच्या ओळीत फुटी मोडल्याचा आवाज येत होता. कट्. कट्. मी मोडली की तिकडे मोडल्याचा. मला वाटलं, मांडवाला लागून माझाच आवाज परत येतोय. मी हात थांबवला. तिकडे आणखी एक फूट मोडली गेली, सावकाश, जशी तू मला शिकवताना मोडून दाखवायचीस. वेलीतून एक थेंब माझ्या मानेवर पडला. आता छाटणीला महिना झाला, वेल आता गळत नाही, हे मला ठाऊक आहे. मी मान वळवली नाही. वळवली असती तर तू दिसली असतीस, किंवा दिसली नसतीस. दोन्ही मला सोसलं नसतं.

मग तशीच बसून मी तुझ्याशी बोलले. हळू, तोंडातल्या तोंडात, दादांना दुरून ओठ हललेले दिसू नयेत म्हणून. ते इथं पुन्हा लिहिते, नीट, कारण तिथं मला धड बोलता आलं नाही.

मला तुझी भीती वाटत नाही. मला उलट रोज वाटतं की ओळीच्या टोकाला तू असावीस आणि म्हणावंस, "इंदिरानगरवाली, ढगाला फोन लाव." त्या दिवशी मी जे बोलले त्यातलं 'माणसांपेक्षा वेली जवळच्या' एवढं मागे घेते. बाकीचं नाही. ओमच्या शाळेचं मी सोडलेलं नाही, त्यावर आपलं पटायचं नव्हतंच. पण तू मला 'तू' म्हणायला लावलंस, माझं बोट धरून मला डोळा दाखवलास, ओमच्या वेळी माझ्या उशाशी बसून राहिलीस. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. वाटलं, बोलायला आयुष्य पडलंय.

तू कशासाठी आलीस तेही मला कळलंय. कुणीतरी विरळणी करायला हवी होती आणि आम्ही सगळे घरात बसून रडत होतो. ते झालं. बाग राहिली. आता ती जायची असेल तर तुझ्याच दिसण्यानं जाईल. दादांना एकच बाई दिसायला हवी बागेत. त्या माणसाला मी खोटं सांगितलंय आणि आता ते मला रोज खरं करावं लागणार आहे, डाव्या हातानं.

रस्त्याच्या बाजूच्या ओळी अजून व्हायच्या आहेत. त्या माझ्यासाठी राहू दे. वाईट होतील, पण होतील. तुला बघायला माझा जीव तुटतो, दादांचा तर त्याहून. तरी सांगते. उद्यापासून येऊ नकोस गं, अक्का.